अर्धवट राहिलेली पुस्तके चिकाटीने पूर्ण करावीत की सोडून द्यावीत?

प्रश्न : वाचनखूण

सर्व वाचकमित्रांना नमस्कार.

माझ्या उशाजवळच्या कप्प्यात सध्या सात पुस्तके आहेत आणि त्या सातही पुस्तकांत कुठे ना कुठे खूण घातलेली आहे. एकात जुन्या पावतीचा कपटा आहे, एकात लोकरीचा धागा आहे, आणि त्यांतल्या सर्वांत जाड कादंबरीतली खूण पान १४३ वर आहे. ही कादंबरी मी आतापर्यंत तीन वेळा हाती घेतली. दर वेळी मध्ये काही महिने गेलेले असल्यामुळे आधीचे नीट आठवत नाही, म्हणून मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करते, आणि दर वेळी एकशे चाळीसच्या आसपास येऊन माझे वाचन अडते. पहिली सव्वाशे पाने आता मला जवळजवळ पाठ झाली आहेत, आणि पुढच्या पाचशे पानांत काय आहे याचा मात्र मला पत्ता नाही.

अडते म्हणजे नेमके काय होते, तेही सांगते. डोळे ओळींवरून पुढे सरकत राहतात, मी पानही उलटते, आणि उलटल्यावर लक्षात येते की मागच्या पानावरचे एक अक्षरही डोक्यात शिरलेले नाही. मग ते पान पुन्हा वाचायचे. दोन-तीनदा असे झाले की पुस्तक बाजूला पडते, ते पडतेच. उरलेल्या सहा पुस्तकांत दोन कादंबऱ्या, एक चरित्र, इतिहासावरचे एक मोठे पुस्तक, एक तत्त्वज्ञानाचे आणि एक अर्थशास्त्राचे पुस्तक आहे. ही सगळी जाणत्या लोकांनी वाखाणलेली पुस्तके आहेत, त्यामुळे ती मला कंटाळवाणी वाटतात असे म्हणायलाही जीव धजत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. हातातले संपवल्याशिवाय नवे पुस्तक घ्यायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. त्याचा परिणाम असा झाला की जुनी पुस्तके संपत नाहीत, नवी घेता येत नाहीत, आणि गेल्या चार महिन्यांत मी एकही पुस्तक पूर्ण वाचलेले नाही. लहानपणापासून मिळेल ते अधाशासारखे वाचणाऱ्या मला ही स्थिती फार बोचते.

तुमच्यापैकी अनेकांचे वाचन दांडगे आहे, म्हणून विचारते. पुस्तक कधी सोडावे आणि कधी नेटाने पुढे न्यावे, हे तुम्ही कसे ठरवता? आपण कमी पडतो आहोत की पुस्तकच कमी पडते आहे, हे ओळखायचे कसे? आणि जी पुस्तके खरोखरच अवघड आहेत, पण वाचायची तर आहेत, ती तुम्ही प्रत्यक्षात कशी वाचता?

उत्तर १ : निळीशाई

मी अनेक वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे एक उत्तर मी पुस्तकांच्या कडांवर रोज पाहत आले. पुष्कळ हातांतून गेलेले पुस्तक मिटून आडवे धरले की पानांच्या बाहेरच्या कडेवर बोटांचा मळ दिसतो. शेवटपर्यंत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाची कड सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारखी काळवंडलेली असते. काही नावाजलेल्या पुस्तकांची कड मात्र पहिल्या चतुर्थांशापर्यंत मळकट आणि तिथून पुढे नव्यासारखी पांढरी असते. ती पुस्तके नेणारे लोक आळशी नव्हते, त्यांतले कितीतरी जण दर आठवड्याला दोन-दोन पुस्तके संपवणारे होते. तेव्हा तुम्ही एकट्याच पान १४३ वर थांबलेल्या नाही, हे आधी मनाशी पक्के करा.

सोडावे कधी, याविषयी नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपाल बाईंनी सुचवलेला एक सोपा नियम आहे. पुस्तकाला पन्नास पाने द्यावीत, आणि तोवर ते आवडले नाही तर खुशाल खाली ठेवावे. वाचकाचे वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करावे आणि उरतील तेवढीच पाने द्यावीत, म्हणजे साठ वर्षांच्या वाचकाने चाळीस पाने वाचली तरी पुरे. वय वाढते तसा वाचायला उरलेला वेळ कमी होतो, हा त्यामागचा विचार मला फार पटतो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी मांडली, तिच्यातही पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क आहे.

तुमच्या नियमामागे मला दुसरेच काही दिसते. एवढी पाने वाचली, ती वाया कशी घालवायची, ही ती भावना. हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली याच वृत्तीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामाची तिकिटे काही लोकांना पूर्ण किमतीत आणि काहींना न मागता सवलतीत दिली गेली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत मोजणारे लोक जास्त नाटकांना आले. नाटके सर्वांसाठी तीच होती, फरक होता तो आधी खर्च केलेल्या पैशांचा. पुस्तकाच्या बाबतीत खर्च झालेले असतात ते तास. ते तास पुस्तक संपवले तरी परत मिळत नाहीत आणि सोडले तरी नाहीत. म्हणून आतापर्यंत किती वाचले हा हिशेब बाजूला ठेवून, पुढची पाचशे पाने मला आज वाचावीशी वाटतात का, एवढेच स्वतःला विचारा. नाही असे उत्तर आले, तर पुस्तक कप्प्यातून काढून फळीवर नेऊन ठेवा. उशाजवळ असलेले अर्धवट पुस्तक रोज रात्री आठवण करून देते, आणि त्या आठवणीनेच नवे पुस्तक उघडायचे धैर्य होत नाही.

उत्तर २ : मुद्रितशोधक

निळीशाई यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, तरी पन्नास पानांचा नियम सरसकट लावू नये असे मला वाटते. मुद्रिते तपासणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला न आवडलेली पुस्तकेही शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागली आहेत, आणि त्यांतली निदान काही अशी होती की पन्नासाव्या पानावर सोडली असती तर माझेच नुकसान झाले असते.

काही लेखक सुरुवात जाणूनबुजून संथ आणि अवघड ठेवतात. इटालियन लेखक उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही एका मठात घडणारी कादंबरी १९८० साली प्रसिद्ध झाली. हस्तलिखित वाचून त्यांच्या मित्रांनी आणि संपादकांनी पहिली शंभर पाने कमी करावीत असे सुचवले होते, कारण ती फार कष्टाची वाटत होती. एको यांनी नकार दिला. ज्याला त्या मठात शिरून सात दिवस राहायचे आहे त्याने मठाची चाल स्वीकारली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती, आणि ती त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवली आहे. अशा पुस्तकावर पन्नास पानांत निकाल देणे म्हणजे आलापी चालू असतानाच मैफलीतून उठून जाण्यासारखे आहे.

तेव्हा सोडायचे की नाही हे ठरवण्याआधी आपला कंटाळा कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. मजकूर कळत नाही, म्हणून मन उठते, ही एक. मजकूर कळतो, पण काही घडतच नाही, ही दुसरी. आणि कळतेही, घडतेही, पण त्या माणसांचे पुढे काय होईल याची आपल्याला तिळमात्र उत्सुकता नसते, ही तिसरी. पहिलीवर उपाय आहे. दुसरीत थोडा धीर धरावा लागतो. तिसरी असेल तर मात्र मी निळीशाई यांच्याच बाजूचा आहे.

तुम्ही तीनही वेळा एकाच जागी अडलात, ही माझ्या दृष्टीने फार मोलाची खूण आहे. निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर तुम्ही एकदा ऐंशीव्या, एकदा दोनशेव्या पानावर थांबला असतात. त्या पानाच्या आगेमागे काहीतरी बदलते आहे. माझी विनंती अशी की कादंबरी पहिल्यापासून न उघडता १३० ते १५० एवढीच पाने दिवसाच्या उजेडात, हातात पेन्सिल घेऊन वाचा आणि नेमके कोणत्या परिच्छेदात मन निसटते ते पाहा. निवेदक बदलतो का? काळ मागे जातो का? की नव्या माणसांचा घोळका एकदम आत येतो? मोठ्या कादंबऱ्यांत हे शेवटचे कारण फार वेळा आढळते. रशियन कादंबऱ्यांत तर एकाच माणसाला कधी आडनावाने, कधी वडिलांच्या नावासह, कधी घरगुती नावाने हाक मारलेली असते, आणि तीन नावांचा माणूस एकच आहे हे कळेपर्यंत वाचक दमून जातो. अशा वेळी मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर प्रत्येक व्यक्तीचे नाव, नाते आणि ती पहिल्यांदा कुठे भेटली तो पृष्ठक्रमांक लिहून ठेवतो. तोच कागद पुढे खूण म्हणून पुस्तकात राहतो. मध्ये दोन महिने खंड पडला तरी त्या कागदामुळे कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी लागत नाही.

पहिल्यापासून पुन्हा वाचण्याची सवय मात्र कृपा करून सोडा. त्याने सुरुवातीची पाने शिळी होतात आणि तुम्ही पान १४३ वर पोहोचता तेव्हा आधीच थकलेल्या असता. दुसरे असे की मोठा ग्रंथ संपवण्यासाठी सलग मोकळा वेळ मिळायला हवा, हा समज निराधार आहे. टॉलस्टॉय यांच्या ‘युद्ध आणि शांती’मध्ये उपसंहारासह ३६१ प्रकरणे आहेत, आणि त्यांतली बहुतेक चार-पाच पानांची आहेत. दररोज एक प्रकरण वाचून ती वर्षभरात पूर्ण करणारे अनेक वाचक आहेत. रोजचे चार पानांचे वाचन कोणालाही जड जात नाही. जड जाते ते सहाशे पाने एकदम डोळ्यांसमोर आणणे.

वाचनखूण

दोघांचेही मनापासून आभार. मुद्रितशोधक यांनी सांगितले तसे मी काल दुपारी तीच वीस पाने वाचली. पान १३८ वर दुसरा भाग सुरू होतो, कथा कितीतरी वर्षे मागे जाते आणि पाच पानांत नऊ नवी माणसे येतात. त्यांतली दोन माणसे पहिल्या भागात वृद्ध म्हणून येऊन गेलेली आहेत, पण इथे त्यांना घरातल्या लहानपणीच्या नावांनी हाक मारतात. हे मला आजवर कळलेच नव्हते, म्हणजे मी ज्यांना परके समजत होते ती माणसे माझ्या ओळखीचीच होती. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी ही कादंबरी नेहमी रात्री अकरानंतर, दिवसभराचे सगळे आटोपून आडवी झाल्यावर वाचत असे. काल दुपारी तीच पाने पुष्कळ सोपी वाटली.

मात्र तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र या दोन पुस्तकांचे काय करावे, हे अजून कळत नाही. तिथे माणसांची यादी करून भागणार नाही. अर्थशास्त्राचे पुस्तक भाषांतरित आहे, आणि त्यातले एकेक वाक्य मला दोनदा-तीनदा वाचावे लागते. इतके मागे-पुढे करत वाचणे हे अडाणीपणाचे लक्षण तर नव्हे ना, अशी शंका येते.

उत्तर ३ : तळटीप

मी शिकवण्याच्या निमित्ताने आयुष्यभर असलीच पुस्तके वाचत आलो आहे, म्हणून या दोन पुस्तकांविषयी लिहितो.

वाक्य पुन्हा वाचणे हे अडाणीपणाचे लक्षण मुळीच नाही. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही, ती उड्या घेत जाते आणि प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद स्थिरावते. कसलेल्या वाचकाची नजरही शंभरांतल्या दहा-पंधरा उड्यांत मागे वळते, आणि मजकूर अवघड झाला की हे प्रमाण वाढते. तुम्ही जे करता आहात ते प्रत्येक लक्षपूर्वक वाचणारा माणूस करतो, फरक एवढाच की सोप्या मजकुरात त्याची जाणीव होत नाही.

आता शब्दांविषयी. परकी भाषा शिकणाऱ्या वाचकांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की शब्दकोशाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीपासून माहीत असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर सहा शब्द अडले तरी आपण तरून जातो, पण पंधरा अडले की आपण अंदाजाने वाचू लागतो आणि अंदाजाने वाचणारे मन लवकर भटकते. नव्या शास्त्राची परिभाषा हीदेखील एका अर्थी परकी भाषाच असते, म्हणून हा हिशेब मी तिथेही लावून पाहतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकातले कोणतेही एक पान घ्या आणि ज्यांचा अर्थ तुम्ही दुसऱ्याला समजावून सांगू शकत नाही अशा शब्दांखाली रेघ मारा. रेघा दहाच्या वर गेल्या तर ते पुस्तक आज तुमच्यासाठी नाही. आधी त्याच विषयाची एखादी छोटी, विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली ओळखपुस्तिका वाचा, आणि मग हे उघडा. मी स्वतः संख्याशास्त्रावरचा एक ग्रंथ दोनदा टाकून दिला होता. अकरावी-बारावीचे क्रमिक पुस्तक महिनाभर मांडीवर घेऊन बसलो, आणि तिसऱ्या वेळी तोच ग्रंथ मला चांगला स्पष्ट लिहिलेला वाटला.

भाषांतराकडेही बारकाईने पाहा. पुष्कळदा आपण ज्याला पुस्तकाचा अवघडपणा समजतो तो अनुवादकाच्या वाक्यरचनेचा असतो. मूळ भाषेतली पाच उपवाक्ये तशीच ओळीने मांडली, क्रियापद चार ओळींनंतर आले आणि ‘ज्याने’, ‘ज्याचे’, ‘ज्यामुळे’ यांची साखळी लागली, की मराठी वाचकाचा श्वास कोंडतो. खात्री करायची असेल तर एखादे वाक्य मोठ्याने वाचा. एका दमात वाचून त्याचा कर्ता आणि क्रियापद सांगता येत नसतील, तर दोष तुमचा नाही. शक्य असेल तर दुसरा अनुवाद शोधा, किंवा ज्या भाषेत ते वाचणे तुम्हाला सोपे जाईल त्या भाषेतली प्रत घ्या.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकासाठी मॉर्टिमर ॲडलर यांचा सल्ला मला उपयोगी पडला. त्यांनी वाचनकलेवर १९४० साली एक पुस्तक लिहिले आणि १९७२ मध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन यांच्यासह ते नव्याने सिद्ध केले. अवघड पुस्तक पहिल्यांदा वाचताना न समजलेल्या जागी थांबू नये, कळेल तेवढे घेत शेवटपर्यंत जावे, आणि खरे वाचन दुसऱ्या फेरीत करावे, असे त्यांचे सांगणे आहे. आपण नेमके उलटे करतो. दुसऱ्या प्रकरणातल्या एका परिच्छेदाशी आठ दिवस झुंजतो, आणि त्याचा उलगडा पाचव्या प्रकरणात दिलेला असतो हे आपल्याला कधीच कळत नाही.

शेवटचा मुद्दा असा की वैचारिक पुस्तक पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. मी आधी प्रस्तावना वाचतो, मग समारोपाचे प्रकरण, मग अनुक्रमणिका समोर ठेवून मला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते प्रकरण. शेवटची सूचीही चाळतो, कारण ज्या शब्दापुढे सर्वांत जास्त पृष्ठक्रमांक असतात तोच बहुधा पुस्तकाचा कणा असतो. जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने २०१४ साली, ई-पुस्तकांत वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली वाक्ये कोणत्या पानांवर येतात यावरून, लोक पुस्तक कुठवर वाचत असावेत याचा एक ढोबळ आकडा काढला होता. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या १९८८ सालच्या गाजलेल्या पुस्तकावरून त्याने त्या आकड्याला नाव दिले. त्या पुस्तकाचा आकडा ६.६ टक्के होता, आणि त्या वर्षी सर्वत्र चर्चेत असलेल्या थोमा पिकेटी यांच्या अर्थशास्त्रावरील जाडजूड ग्रंथाचा २.४ टक्के. हा शास्त्रशुद्ध अभ्यास नव्हता आणि त्याने तसा दावाही केला नव्हता. पण ज्या पुस्तकांवर आपण अहमहमिकेने बोलतो ती मधूनच मिटली जातात, ही गोष्ट त्यातून उघड झाली.

उत्तर ४ : सहवाचन

वरील उपाय एकट्याने करायचे आहेत, म्हणून मी एकच भर घालते. अवघड पुस्तकाला सोबत शोधा. कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे एका वाचनगटाने जेम्स जॉईस यांची अतिशय दुर्बोध मानली जाणारी ‘फिनेगन्स वेक’ ही कादंबरी १९९५ साली वाचायला घेतली आणि २०२३ साली संपवली. त्यांनी महिन्याला एखाद-दुसरे पान वाचले. मी आणि माझी मैत्रीण दर रविवारी सकाळी फोनवर वीस पाने आळीपाळीने मोठ्याने वाचतो. ज्या कादंबरीवर मी एकटी दोनदा हरले होते ती आम्ही अशी सात महिन्यांत पूर्ण केली. मोठ्याने वाचताना माझे तरी डोळे पुढे आणि मन मागे असे होत नाही. आणि एखादे पान मला कळले नाही तर ते तिलाही कळलेले नसते, हे ऐकून जो दिलासा मिळतो तो कोणत्याही टीकाग्रंथातून मिळत नाही.

उत्तर ५ : संधिकाल

मला सोडणे आणि संपवणे यांच्या मधली एक वाट सुचवायची आहे, ती म्हणजे पुस्तक थांबवून ठेवणे. माझ्या वडिलांच्या संग्रहात एक आत्मचरित्र होते. त्यांनी मला ते विसाव्या वर्षी वाचायला दिले आणि मी साठ पानांनंतर परत केले. त्यात एक माणूस आपल्या आजारी भावाची सेवा करतो, रोज त्याच औषधांच्या वेळा, तीच खोली, तीच खिडकी, आणि मला त्यात काहीच घडताना दिसत नव्हते. वडिलांनी काही म्हटले नाही. पुढे एकतीस वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या आजारपणात, त्यांच्या खोलीत बसलो असताना मी तेच पुस्तक पुन्हा उघडले. माझी जुनी खूण त्यात तशीच होती. त्या माणसाने औषधाच्या वेळा पुन्हा पुन्हा का लिहिल्या हे मला पहिल्याच पानात कळले, आणि मी ते दोन रात्रींत वाचून काढले. ते पुस्तक विसाव्या वर्षी मी बळजबरीने संपवले असते तर ‘वाचून झाले’ म्हणून ते पुन्हा कधीच उघडले नसते.

म्हणून मी आता सोडलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख, पृष्ठक्रमांक आणि थांबण्याचे कारण एका ओळीत लिहितो. कारण लिहिताना आपल्याला खरे बोलावे लागते. ‘कंटाळवाणे’ एवढेच लिहिलेले मला चालत नाही. ‘युद्धाच्या डावपेचांची वर्णने समजत नाहीत, नकाशा हवा’ असे मी एका इतिहासग्रंथात लिहिले होते, आणि पुढे नकाशांचे पुस्तक हाती आले तेव्हा ती ओळ आठवून तो ग्रंथ पुन्हा काढला.

वाचनखूण

सर्वांची उत्तरे मी दोनदा वाचली. गेल्या तीन आठवड्यांत काय झाले ते कळवते.

चरित्र आणि दोन छोट्या कादंबऱ्यांपैकी एक मी सोडली. दोन्हींत सगळे कळत होते, पण त्या माणसांविषयी मला काही वाटत नव्हते, म्हणजे मुद्रितशोधक यांची तिसरी जात. ती आवडतील अशा दोन ओळखीच्या वाचकांना मी ती देऊन टाकली. इतिहासाच्या पुस्तकात संधिकाल यांच्याप्रमाणे शेवटच्या पानावर कारण लिहिले आणि ते फळीवर ठेवले. अर्थशास्त्राच्या एका पानावर रेघा मारल्या, त्या सतरा निघाल्या. तळटीप यांच्या सल्ल्याप्रमाणे मी त्या विषयाची विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली पुस्तिका आणली आहे आणि तिची दोन प्रकरणे झाली आहेत. तत्त्वज्ञानाचे पुस्तक न थांबता वाचते आहे. निम्मे कळत नाही, पण चौथ्या प्रकरणापर्यंत आले आहे, आणि यापूर्वी मी पहिल्याच्या पुढे कधी गेले नव्हते. उरलेल्या छोट्या कादंबरीचा निर्णय अजून झालेला नाही.

मोठी कादंबरी मी पहिल्या पानापासून उघडली नाही. नऊ माणसांची नावे, त्यांची घरगुती नावे आणि नाती एका जाड कागदावर लिहिली आणि पान १३८ पासून, दुपारी, रोज दहा पाने असे वाचायला घेतले. परवा एका प्रसंगात, पहिल्या भागातली ती कठोर वाटणारी आजी नऊ वर्षांची मुलगी म्हणून अंगणात दिवा घेऊन उभी असलेली दिसली, आणि पहिल्या भागात ती अंधाराला इतकी का घाबरते ते मला उलगडले. तो कागद आज पान २८६ वर आहे.